पॅरिस फॅशन वीक सोलापुरात बसून कसा बघायचा, आणि त्यातली एक तरी गोष्ट अंगावर कशी आणायची

माझ्याकडे शिवायला येणाऱ्या पोरींचं हल्ली ठरलेलं आहे, पिशवीतनं कापड निघायच्या आधी मोबाईल निघतो. "ताई, हे बघा, असंच पाहिजे." मोबाईलवर पॅरिसच्या रॅम्पवरची कुणीतरी सहा फुटी बाई, जमिनीवर लोळणारा गाऊन, आणि पिशवीत चाटी गल्लीतनं आणलेलं अडीच मीटर जॉर्जेट. साखरपुडा आठ दिवसांवर. आता यात पोरीची पण चूक नाही आणि पॅरिसची पण नाही, फक्त बघायचं कसं हे कुणी सांगितलेलं नसतंय. मी स्वतः पहिली पाच-सहा वर्षं तसंच बघायचे, म्हणजे बाई दिसायची, लाइट दिसायचे, गाणं ऐकू यायचं, कपडा सोडून सगळं दिसायचं.

मी कुठल्या इन्स्टिट्यूटला गेलेली नाही हे आधीच सांगते. माहेरी आई ब्लाऊज शिवायची, सासरी अशोक चौकाकडे जकार्डचे माग होते, त्या दोन्हीच्या मधे जे शिकले ते शिकले. पण गेली दहा-बारा वर्षं मोठ्या ब्रँडचे शो नेमानं बघते आणि त्यातलं काही ना काही इथल्या बायकांच्या अंगावर चढवलंय, त्यामुळे जे जमलं आणि जे साफ फसलं ते दोन्ही लिहिते.

एक गोष्ट पहिली डोक्यात घ्या, बाकी सगळं त्याच्यावरच आहे. अख्खा ड्रेस उचलायचा नाही, एकच वस्तू उचलायची. एक बाही, एक कॉलर, कंबरेचा एक टक्स म्हणजे अंगाबरोबर बसायला शिवलेली चुणी, घेराची एखादी पद्धत, बस. अख्खा उचलायला गेलात की त्याला लागणारं कापड, त्या मॉडेलची उंची, आतलं बांधकाम, कारागिरांचे तास हे सगळं उचलावं लागतं आणि ते आपल्याकडे नसतं. बाही मात्र दोन हात असलेल्या कुणालाही बसते.

आधी कॅलेंडर

वर्षातनं दोनदा मोठा राऊंड असतो आणि शहरांचा क्रम ठरलेला, न्यूयॉर्क, मग लंडन, मग मिलान, शेवटी पॅरिस. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढच्या हिवाळ्याचे कपडे दाखवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे. लोकांना हे उलटं वाटतं पण एमआयडीसीत युनिफॉर्मच्या युनिटला काम करणाऱ्या कुणालाही विचारा, शाळा जूनला उघडते म्हणून कटिंग जूनला सुरू होतंय का? आधी सॅम्पल, मग ऑर्डर, मग कापड, मग शिलाई. तिथं पण तेच, शो झाला की दुकानदार शोरूममध्ये जाऊन कपडे हातात घेऊन ऑर्डर लिहितात आणि माल सहा महिन्यांनी दुकानात लागतो. रॅम्पवर जे चित्रविचित्र दिसतं त्यातलं बरंच शोरूममध्ये साधं होऊन लटकलेलं असतं, खांद्यावरचा डोंगर गेलेला असतो, कापड तेच असतं.

आपल्या कामाचा आठवडा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. हिवाळ्याच्या कलेक्शनमधले लोकरी कोट घेऊन काय करणार, आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरातले पंधरा दिवस सकाळी स्वेटर आणि दहा वाजता तो काढून गाडीच्या डिकीत. पण हिवाळ्याचे शो टाळू नका, कारण कॉलर, खांदा, जॅकेटची बसण्याची ढब हे सगळं तिथंच नीट दिसतं, उन्हाळ्यात नुसतं झुळझुळीत असतं.

याशिवाय जानेवारी आणि जुलैमध्ये पॅरिसला एक वेगळा प्रकार असतो, ओत कुतूर. हा शब्द फ्रान्समध्ये १९४५ पासून कायद्यानं राखीव आहे, कुणीही उठून दुकानाच्या पाटीवर लिहू शकत नाही. एका गिऱ्हाइकाच्या मापाला, ट्रायल घेत, बरंचसं हातानं शिवलेलं म्हणजे कुतूर. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा हसूच आलं, त्या हिशोबानं नवी पेठेत शिवला जाणारा प्रत्येक ब्लाऊज कुतूरच की, मापाचा, ट्रायलचा, हाताच्या तुरपाईचा, फक्त बिल साडेतीनशे रुपये. त्याच्या उलट तयार मापात निघणारे जे कपडे त्यांना फ्रेंचमध्ये 'प्रेत आ पोर्ते' म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, अर्थ फक्त 'घालायला तयार' एवढाच आहे.

मला जानेवारीची गंमत वाटते. आपल्याकडे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते त्याच महिन्यात पॅरिसला पुरुषांचे शो आणि कुतूर असतं. इकडे नंदीध्वजाबरोबर पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली हजारो माणसं, सगळी एका रंगात, एकही बटण नाही, सगळं बंदांवर बांधलेलं. मी बाराबंदी बघत मोठी झाले त्यामुळे रॅम्पवर बंद बांधलेलं जॅकेट आलं की माझा हात आपोआप पॉज करायला जातो. बंद कुठून सुरू होतो, आतला बंद कुठाय, ओढ कुठल्या बाजूला बसते हे आपल्याला त्यांच्यापेक्षा लवकर कळतं.

कुठं आणि किती वाजता

शोला बसायला आमंत्रण लागतं ते विसरा. पण बहुतेक मोठे ब्रँड यूट्यूबवर स्वतःच्या चॅनलवर शो लाइव्ह दाखवतात, फुकट. ऑक्टोबरात पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं आणि फेब्रुवारी-मार्चला साडेचार, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं. म्हणजे तिथला दुपारी अडीचचा शो ऑक्टोबरात आपल्याकडे संध्याकाळी सहाला आणि मार्चमध्ये सात वाजता. वेळेवर सुरू होत नाही, अर्धा तास धरून चाला, आपल्या लग्नाच्या मुहूर्तापेक्षा बरं म्हणायचं. शो स्वतः दहा-पंधरा मिनिटांचा असतोय. भाकऱ्या थापायची वेळ तीच असते त्यामुळे मी लाइव्ह बघतच नाही, रात्री साडेदहानंतर निवांत रेकॉर्ड झालेला बघते, आणि तुम्ही पण तसंच करा, कारण लाइव्हमध्ये मागं-पुढं करता येत नाही नीट.

बघायची पद्धत. पहिल्यांदा एकदा सरळ बघा, आवाजासकट, मजा घ्या. दुसऱ्यांदा आवाज बंद करा आणि स्पीड अर्धा करा. आवाज बंद केला की कपडा दिसायला लागतो, का ते मला माहीत नाही पण लागतो. जे आवडलं त्याचे तीन स्क्रीनशॉट, समोरून, बाजूनं आणि पाठीमागून. पाठीचा सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळे विसरतात. चेन कुठं आहे, पाठीला शिलाई मधोमध आहे का दोन बाजूला, कॉलर मागं उभी का पडलेली, हे पाठीवरच कळतं. मॉडेल वळली त्या क्षणाला पॉज करायची सवय करून घ्या. त्यानंतर व्होग मासिकाच्या व्होग रनवे या वेबसाइटवर जाऊन त्याच शोचे फोटो बघा, तिथं प्रत्येक ड्रेसला नंबर असतो आणि जवळून काढलेले डिटेलचे फोटो वेगळे असतात, त्यात शिलाई, बटण, कापडाची वीण दिसते. टेलरकडे जाताना इन्स्टाचा धूसर रील नेऊ नका हो, हात जोडते.

तमाशा कुठला आणि कापड कुठलं हे पण ओळखायला शिका. २०२२ ला पॅरिसमध्ये कोपर्नी या ब्रँडच्या शोत बेला हदीद या मॉडेलच्या अंगावर स्टेजवरच स्प्रे मारून पांढरा ड्रेस तयार केला होता, जगभर व्हिडिओ फिरला, त्या आठवड्यात मला तीन जणींनी विचारलं हे आपल्याकडे मिळेल का. नाही मिळणार. ते बघायला होतं. पण तिथंसुद्धा शेवटी एका बाईनं हातानं खांद्यावरचं कापड खाली सरकवलं आणि खाली कात्रीनं स्लिट मारली, म्हणजे स्प्रे असो नाहीतर शिलाई, खांदा आणि खालची कड यांच्याशिवाय ड्रेस होत नाही.

नजर कुठं ठेवायची

पहिली नजर खांदा आणि मुंढ्यावर, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईवर. बाही खांद्याच्या हाडावर बसलीय, का खाली दंडावर उतरलीय, का मानेकडं आत सरकलीय. फक्त एवढ्या एका गोष्टीवर ड्रेस नवा का जुना दिसतो ते ठरतं. दुसरी नजर कापडाच्या दिशेवर. अंगावरनं पाण्यासारखं वाहतंय आणि चालताना थोडं वळतंय असं वाटलं तर ते उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं आहे. उरेब पट्टी आपण गळ्याला लावतो, तेच तत्त्व अख्ख्या ड्रेसला लावलं मादलेन व्हिओने या बाईनं, पॅरिसमध्ये, १९२० च्या दशकात. उरेबला कापड जास्त लागतं, पन्ना म्हणजे कापडाची रुंदी मोठी लागते, आणि शिवल्यावर ते लोंबतं. म्हणून उरेब ड्रेस शिवून झाला की खालची कड लगेच मारायची नाही, एक पूर्ण दिवस हँगरला लटकवून ठेवायचा, कापड जेवढं उतरायचं तेवढं उतरू द्यायचं, मग अंगावर घालून खालून सारखं कापायचं. हे ज्या टेलरला माहीत नाही त्याच्याकडे उरेब देऊ नका, दोन धुण्यात एक बाजू खाली आणि एक वर.

तिसरी नजर आतल्या गोष्टींवर, ज्या दिसत नाहीत. शनेलचं जॅकेट घ्या. बाहेरून बघितलं तर काय, जाडसर ट्वीड, सरळ कट, चार खिसे, कडेला गोफ. पण ते अंगावर एवढं सरळ का पडतं? कारण आत खालच्या कडेला, अस्तराला, एक बारीक पितळी साखळी टाचलेली असते. तिच्या वजनानं कड खाली राहते, हात वर केला तरी जॅकेट परत जागेवर येतं. आणि अस्तर नुसतं लावलेलं नसतं, ट्वीडला उभ्या ओळीत टाचून एकजीव केलेलं असतं म्हणून ते सैल कापड आकार सोडत नाही. मी हे कळल्यावर इमिटेशनच्या दुकानातनं साखळी आणली, मीटरभर, आणि एका गिऱ्हाइकाच्या सिल्कच्या शॉर्ट जॅकेटला आतून हातानं टाचली. तिला सांगितलं नाही. चार दिवसांनी फोन, "ताई, तुम्ही याला काय केलंय, उडतच नाही." साखळीला खर्च काही नाही, वेळ अर्धा तास. टाचताना कडी सोडून कडी टाचा, ओढून घेऊ नका, नाहीतर बाहेरून चुण्या दिसतात, आणि ड्रायक्लीनला देताना सांगून द्या.

बार जॅकेट आणि माझी फजिती

१२ फेब्रुवारी १९४७ ला क्रिस्तियन दिऑरनं पॅरिसमध्ये पहिलं कलेक्शन दाखवलं. युद्ध संपून दोन वर्षं पण झाली नव्हती, कापडाची टंचाई होती, बायका अंगाबरोबर बसणारे आखूड कपडे घालत होत्या, आणि यानं मीटरच्या मीटर कापडाचा घेर काढला. काही लोक चिडले पण फॅशन बदलली. हार्पर्स बझार मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला 'न्यू लुक' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. त्यातलं बार नावाचं जॅकेट आजपण दिऑरचा प्रत्येक डिझायनर फिरून फिरून करतो, कंबरेला चिमटीत धरल्यासारखं बारीक आणि खाली कमरेच्या बाजूंना आतून पॅडिंग घालून फुलवलेलं.

तर मला वाटलं, हे आपण सोलापुरी चादरीत करायचं. चादरीचं जॅकेट आता सगळीकडे दिसतं पण तेव्हा मला वाटलं मीच शोध लावला. सासऱ्यांच्या कपाटातली कोरी चादर काढली, मोराची, मरून आणि मोतिया, आणि बसले. पहिली चूक, धुतली नाही. दुसरी चूक, कंबरेला टक्स घातले. चादर म्हणजे दुहेरी विणीची, समोर जो रंग फुलात तो मागं जमिनीत, म्हणूनच ती दोन्ही बाजूंनी वापरता येते, आणि म्हणूनच ती जाड. टक्स घातला की आत तीन-चार थर होतात, बोटाएवढा जाड उंचवटा, दाबून इस्त्री केली तरी उंटासारखा उभा. वर बाजूला पॅडिंग. घालून आरशासमोर उभी राहिले तर नवरा म्हणाला, यात तुझ्यापेक्षा चादर जास्त दिसतीय. आणि पहिल्या धुण्यात बाह्या दीड इंच वर गेल्या. ते जॅकेट अजून आहे, शिलाई मशिनवर झाकण म्हणून, फार चांगलं बसतंय तिथं.

दुसऱ्यांदा मी अख्खं बार सोडलं आणि त्यातली एकच गोष्ट घेतली, कंबरेखालचा तो बाहेर फाकणारा तुकडा. कंबरेला टक्सऐवजी सरळ जोड दिला, वर साधं सुती कापड, खाली चादरीचा फक्त काठाचा भाग, आणि तो जाड असल्यामुळे पॅडिंगशिवायच उभा राहिला. तेच जाडपण जे वर नडलं ते खाली कामाला आलं.

चादरीचं जॅकेट करायचंच असेल तर असं करा. चादर रात्रभर गार पाण्यात भिजवा, वेगळी, रंग जातो. सावलीत वाळवा, इस्त्री करा, मग माप घ्या. सिंगल चादर साधारण ६० इंच बाय ९० इंच असते, कमरेपर्यंतचं जॅकेट एका चादरीत आरामात निघतं आणि पिशवीपुरती उरते पण. कापायच्या आधी जमिनीवर पसरून उभं राहून बघा, मोर किंवा फूल पाठीच्या बरोबर मधोमध येतंय का, समोरच्या दोन भागांवर नक्षी एका रेषेत येतेय का. इथं घाई केली तर एका बाजूला मोराचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला शेपूट. कापलं की लगेच कडा इंटरलॉक करा, चादरीचे धागे सुटायला लागले की अर्धा इंच मार्जिन चहा पिऊन येईपर्यंत गायब. मशिनला १८ नंबरची सुई, टाका लांब. टक्स नाही, चुन्नट नाही, अस्तर पण नको, आतल्या शिलाया उघडून दोन्ही बाजूला बसवा आणि उरेब पट्टीनं झाका. कट सरळ ठेवा. एप्रिलमध्ये घालू नका, बेचाळीस डिग्रीत जीव जाईल.

कापड कसं बदलायचं

रॅम्पवरचं कापड इथं मिळेलच असं नाही आणि मिळालं तर परवडेल असं नाही, म्हणून कापडाचं नाव विचारू नका, त्याचं वागणं बघा. उभं राहतंय का पडतंय, चमकतंय का प्रकाश पितंय, चालताना आवाज करत असेल असं वाटतंय का. उभं राहणारं पाहिजे तर खण, जाड कॉटन सिल्क, चादर. पडणारं पाहिजे तर जॉर्जेट, क्रेप, जुनी मऊ झालेली इरकल. इरकलचा मला फार भरवसा आहे, आजीची वीस वर्षं धुतलेली इरकल उरेब कापून बघा एकदा. खणाचा पन्ना मात्र लहान असतो, मोठा तुकडा निघत नाही, जोड कुठं येणार हे आधी ठरवा आणि जोड लपवण्यापेक्षा सरळ काठ तिथं आणा, मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

प्लेट्सचं एक सांगायचं राहील म्हणून इथंच सांगते. इस्सी मियाके या जपानी डिझायनरच्या त्या बारीक कायमच्या प्लेट्स सगळ्यांना हव्या असतात. तिथं कपडा आधी अडीच-तीन पट मोठा शिवतात, मग कागदाच्या मधे घालून उष्णतेनं प्रेस करतात, आणि ते टिकतं कारण कापड पॉलिएस्टर असतं. सुतीला कितीही इस्त्री मारा, पहिल्या धुण्यात प्लेट गेली. त्यामुळे कुणी तुम्हाला प्युअर कॉटनवर कायमची प्लेट करून देतो म्हणाला तर हसा आणि निघा.

मास्तरांशी कसं बोलायचं

मी आता स्वतः शिवते पण जॅकेट-कोटाचं कटिंग अजून एका मास्तरांकडे देते, सत्तरीचे आहेत, बोलायला फटकळ, हात सोन्याचा. फोटो दाखवून "असं करा" म्हटलं की ते बघतात, "होतंय की" म्हणतात, आणि त्यांना पाहिजे तेच करतात. त्यांची चूक नाही, फोटोत त्यांना जे ओळखीचं दिसतं ते ते शिवतात. म्हणून फोटोवर पेननं गोल काढून न्या, आणि फक्त तेवढंच बोला. "मास्तर, मला हा ड्रेस नको, ही बाही पाहिजे, मुंढा इथं एक इंच खाली, वर चुन्नट, मनगटाला घट्ट." आकडे सांगा. इंचात सांगा. "थोडं ढगळं", "जरा मॉडर्न" असले शब्द टेलरच्या दुकानात चालत नाहीत.

आणि मांजरपाटाचं ट्रायल मागा. सगळे कंटाळा करतात पण पॅरिसच्या मोठ्या घरांत सुद्धा पहिला ड्रेस साध्या कोऱ्या सुती कापडाचाच करतात, त्यावर टाचण्या, त्यावर पेन्सिल, मग खरं कापड कापतात. आपल्याकडे मांजरपाट स्वस्त, एका बाहीला अर्धा मीटर पुरतं. मास्तर कुरकुरले तर वेगळे पैसे द्या त्याचे. माझ्या एका गिऱ्हाइकाचं सहा हजारांचं कापड मांजरपाटाच्या ट्रायलनं वाचलंय, कॉलर उलट्या बाजूला निघाली होती.

एम्ब्रॉयडरी

इथं लाजायचं कारणच नाही. पॅरिसच्या कपड्यांवर जे बारीक भरतकाम दिसतं त्यातलं बरंच भारतात होतं. दिऑरनं ३० मार्च २०२३ ला मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला तो काही हवापालट म्हणून नाही, तेव्हाची त्यांची डिझायनर मारिया ग्राझिया क्युरी वर्षानुवर्षं मुंबईच्या चाणक्य या भरतकामाच्या घराबरोबर काम करत होती. राहुल मिश्रा २०२० च्या जानेवारीत पॅरिसच्या कुतूर वीकमध्ये गेला, पहिला भारतीय डिझायनर, तो कारागिरांच्या हातावरच. फ्रान्समध्ये मणी लावायला जी आकड्याची सुई वापरतात ती आणि आपली आरी, कामाची पद्धत तीच, कापड चौकटीत ताणायचं आणि आकड्यानं साखळी टाका ओढायचा. आपल्याकडे त्याला मग्गम वर्क पण म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, आजीला विचारा, तेलुगूत मग्गम म्हणजे माग, आपला विणायचा माग.

तर रॅम्पवरची नक्षी आरीवाल्या ताईंना दाखवताना पूर्ण नक्षी दाखवू नका, एक चौकोन दाखवा, मोबाईल झूम करून, चार बाय चार इंच. कुठला मणी, कुठला टाका, किती दाट. आणि आधी नमुना म्हणून तेवढाच चौकोन करून घ्या. दाटपणावर पैसे ठरतात, त्यामुळे सगळीकडे विरळ करण्यापेक्षा एका खांद्यावर दाट करा, बाकी कोरं सोडा.

लोगो लावू नका

कट बघून आपल्यासाठी बाही शिवली, ठीक आहे. दुसऱ्याचा लोगो छापून किंवा त्यांचं लेबल लावून शिवायला मी नाही म्हणते, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. जून २०२५ ला मिलानला प्राडानं पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि नुसतं लेदर सँडल म्हटलं, तेव्हा आपण सगळे चिडलो, मग त्यांना कबूल करावं लागलं की हे भारतातल्या चपलांवरून घेतलंय. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं कायदेशीर मानांकन आहे आणि त्या यादीत कोल्हापूर, सांगली, सातारा यांच्याबरोबर आपलं सोलापूर पण आहे, हे इथल्याच लोकांना माहीत नसतं. तिकडं चिडायचं आणि इकडं खोटा लोगो मारायचा, असं मला नाही जमत.

शेवटची ट्रायल

ड्रेस तयार झाला की आरशासमोर उभं राहून "छान" म्हणून पैसे देऊ नका. हात वर करा. खाली बसा, मांडी घालून. जिना चढा. आणि दुकानाबाहेर येऊन गाडीवर बसा, कारण पॅरिसच्या मॉडेलला सरळ रेषेत चालायचं असतं, तुम्हाला सात रस्ता चौकातनं जायचं असतं.

ती साखरपुड्याची पोरगी, जॉर्जेटवाली. तिला बसवलं, फोटो मोठा केला, म्हटलं यात तुला नक्की काय आवडलं, गाऊन बाजूला ठेव. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, बाही. खांद्याशी फुगलेली, कोपराखाली घट्ट, मनगटापासून कोपरापर्यंत कापड मढवलेली बारीक बटणं आणि दोरीची काजं. मग आईची हिरवी इरकल साडी, त्याच्यावर साधा ब्लाऊज, आणि अडीच मीटर जॉर्जेटमधनं फक्त त्या दोन बाह्या, उरेब, एका हाताला अकरा बटणं. बटणं मढवायला दोन संध्याकाळी गेल्या, तिची मावशी पण बसली माझ्याबरोबर. ट्रायलला गाडीवर बसवलं तर डाव्या बाहीचा फुगा आरशात अडकला. दीड इंच कमी केला, दोन्हीकडचा.

उरलेल्या जॉर्जेटची तिनं ओढणी करून घेतली.